किल्लारीच्या निधीतला एडका

आमच्या कळंबच्या माणसाकडे नुसती वर्गणी मागितली तर तो खिसा चाचपतो, बायकोकडे बघतो, उद्या या म्हणतो. त्याच माणसाला लिलावात उभा करा. शेजाऱ्याने पाच रुपये चढवले की हा दहा चढवणार, मग घरी जाऊन बोलणी खाल्ली तरी बेहत्तर. हे ओळखूनच गावचे कारभारी गेणभाऊ यांनी किल्लारीच्या भूकंपासाठी गावाचा मदतनिधी लिलावाने जमवायचं ठरवलं. ज्याच्याकडे जे असेल ते त्याने मारुतीच्या पारावर आणून द्यायचं. गेणभाऊ माइकवर बोली घेणार आणि येईल तो पैसा एकाच डब्यात पडणार. कुणी काय दिलं ते नावानिशी पुकारायचं, पण आपला पैसा तिकडे कुणाला द्यायचा, कुणाला नाही, हे देणाऱ्याने बोलायचं नाही. सगळा पैसा एक झाला म्हणजे झाला.

दसरा आठ दिवसांवर आला होता. टीव्हीवर रोज ते ढिगारे दिसायचे आणि माणसं खरंच हलली होती. त्या बाबतीत मी गावाला नावं ठेवणार नाही.

मी रत्ना. बौद्धवस्तीत आमची पिठाची गिरणी आहे. ती मी चालवते, कारण माझे मालक बुद्धभूषण एसटीत कंडक्टर, घरी कमी आणि वाटेवर जास्त. वस्तीची वर्गणी घरोघरी हिंडून मीच गोळा केली होती. पैशाची पिशवी माझ्या कमरेला होती आणि डोक्यात एकच गोष्ट होती, की गेणभाऊंनी माइकवर आमच्या वस्तीचं नाव मोठ्याने पुकारायचं. मागे पाण्याच्या टाकीच्या वर्गणीला ते राहून गेलं होतं. म्हणे विसरलो. या खेपेला विसरले असते तर माइक हिसकावून घ्यायची माझी तयारी होती. माझ्यासोबत सासूबाई होत्या, जानकाबाई. त्या माझ्यासारख्या तापट नाहीत. त्या गप्प बसतात आणि करायचं ते करून मोकळ्या होतात. मला विचाराल तर ते जास्त अवघड.

लिलाव चांगला रंगला होता. आमच्याकडे एक रीत आहे. घेतलेली वस्तू घरी न्यायची नसेल तर 'परत निधीत' म्हणायचं, मग तीच वस्तू पुन्हा बोलीला येते. एक नारळ असा पाच वेळा विकला गेला आणि अख्ख्या पोत्याचे पैसे देऊन गेला. एकच बंधन असतं, ज्याने वस्तू दिली त्याच्या घरच्याने तिच्यावर बोली लावायची नाही. नाहीतर माणसं आपलीच वस्तू चार आण्यात परत घेऊन दानशूर म्हणून मिरवतील.

पाराजवळ खुर्ची टाकून सयाजी बसला होता. पुणे-नाशिक रस्त्यावर त्याचं मटणाचं हॉटेल आहे. सगळ्यात मोठी रक्कम त्याने सुरुवातीलाच दिली होती आणि त्याचं नाव दोनदा पुकारून झालं होतं. तसा माणूस वाईट नव्हता, पण पहिली मोठी रक्कम दिली की उरलेल्यांची हजेरी घ्यायचा हक्क मिळतो, असं त्याला वाटत होतं. त्याने हसत हसत विचारलं, की धनगरवाड्याचं नाव अजून कसं आलं नाही, मेंढरं तर सगळ्या गावाच्या रानात बसतात. खरं तर खतासाठी मेंढरं रानात बसवायला शेतकरीच धनगरांच्या मागे लागतात, वर धान्यही देतात. पण लोक हसले.

धनगरवाड्यातला सोमाजी मागे उभा होता. पागोटं सारखं करत तो पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते.

"माजा एडका लिवा," तो म्हणाला.

हसणं थांबलं. सोमाजीचा एडका म्हणजे कुठला, हे कळंबात कुणाला सांगायची गरज नव्हती. त्याची नात सृष्टी वर्षाची असताना तिला झटके यायला लागले होते. डॉक्टर झाले, अंगारे झाले, पोर काही सुधारेना. तेव्हा सोमाजीच्या बायकोने, तुकाबाईने, बिरोबाला नवस बोलला की पोर वाचली तर एडका देईन. पोर वाचली. त्या दिवसापासून एक कोकरू देवाच्या नावाने वेगळं काढलं होतं. चार वर्षांत त्याला एकदाही कातर लागली नव्हती, कपाळावर कायम भंडारा असायचा आणि कळपात ते राजासारखं पुढे चालायचं. या दसऱ्याला तो एडका बिरोबाला जायचा होता. रागाच्या भरात सोमाजीने देवाचं देणं गावाच्या डब्यात टाकलं होतं.

बायकांच्या घोळक्यात तुकाबाई उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता ती पुढे होऊन नवऱ्याला दोन शब्द सुनावेल. तिच्या जागी मी असते तर चार सुनावले असते. ती हललीच नाही. गेणभाऊंनी माइकवर हात ठेवला आणि हळू आवाजात सोमाजीला म्हणाले, दुसरं काहीतरी दे, एखादी घोंगडी दे, कुणी काही म्हणणार नाही. सोमाजी म्हणाला, जीभ एकच आहे माझी.

एडका आणला. तो पारापाशी येऊन निवांत उभा राहिला आणि कुणीतरी आणलेल्या मेथीच्या जुडीला तोंड लावू लागला.

पहिली बोली किराणा दुकानदाराने लावली. पैसे डब्यात टाकले आणि लगेच 'परत निधीत' म्हणाला. देवाचा एडका घरी कोण नेणार? दुसऱ्यांदा एका बागाईतदाराने घेतला, त्यानेही परत दिला. तिसऱ्यांदाही तेच झालं. डब्यात भर पडत होती आणि एडका जागचा हलत नव्हता. लोकांना गंमत वाटायला लागली. तुकाबाईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तिला वाटलं असणार, की असंच चालत राहील आणि शेवटी कुणीतरी समजूतदार माणूस एडका घेऊन तिच्या दारात आणून बांधील. मलाही तसंच वाटत होतं.

चौथ्यांदा सयाजीने हजाराची बोली लावली आणि म्हणाला की मी परत देणार नाही, नेणार.

गेणभाऊंनी त्याला समजावलं, हा देवाचा आहे. सयाजी शांतपणे म्हणाला की डब्यात पडल्यावर तो देवाचा राहिला नाही, निधीचा झाला. मी रोकडा पैसा देतोय. तिकडे माणसं उघड्यावर झोपलीत, त्या पैशाने त्यांच्या डोक्यावर पत्रा येईल. मग तो एडका कळंबच्या बिरोबापुढे कापला काय आणि माझ्या हॉटेलात कापला काय, किल्लारीच्या माणसाला काय फरक पडतो? सांगा.

मला त्याचा राग आला, आणि बोलणं खोडता येईना म्हणून जास्तच आला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आता बोली लावायची म्हणजे खरोखर घरी न्यायची तयारी हवी, कारण परत दिला तर सयाजी पुन्हा बसलेलाच. देवाचा एडका दारात बांधून त्याचा कोप कोण ओढवून घेणार? गेणभाऊ म्हणाले, हजार एक वार. तुकाबाई मटकन खाली बसली.

"अकराशे," माझ्या शेजारून आवाज आला.

मी वळून बघितलं. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, एडक्याकडे बघत होत्या. मी त्यांचा हात दाबला आणि विचारलं, आत्या, कुणाच्या पैशाने? त्या म्हणाल्या, पिशवी कुणाकडं हाय? मी म्हटलं, ती वस्तीची आहे. त्या म्हणाल्या, मग वस्तीच घेतीया.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. सयाजीने खुर्ची आमच्याकडे वळवली आणि बाराशे म्हणाला. सासूबाई तेराशे म्हणाल्या. पिशवीत किती आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. दर बोलीआधी त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी होकाराची मान हलवायची. नाही म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं. वस्तीने हा पैसा दान म्हणून दिला होता, नाव पुकारलं जावं म्हणून दिला होता, आणि माझी सासू त्यात मेंढा विकत घेत होती, तोही अशा देवाचा, ज्याचं नाव आमच्या घरात पस्तीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या वडिलांनी घरातले सगळे देव टोपलीत भरून घोड नदीत सोडले होते. ती टोपली त्यांनीच धरली होती. हे सगळं मला कळत होतं आणि मी मान हलवत होते, कारण समोर तुकाबाई जमिनीवर बसली होती आणि तिचे डोळे आमच्या तोंडावर खिळले होते.

सयाजी बावीसशेवर गेला. सासूबाई तेवीसशे म्हणाल्या. पिशवी संपली होती, वर चाळीस रुपये राहत होते.

"चोवीसशे," सयाजी म्हणाला.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. गिरणीच्या लाइटबिलाचे पैसे माझ्या ब्लाउजमध्ये होते. ते भरले नाहीत तर वायरमन येऊन कनेक्शन तोडणार होता आणि ते मला चांगलं ठाऊक होतं. मी मान हलवली.

"पंचवीसशे," सासूबाई म्हणाल्या.

गेणभाऊंनी सयाजीकडे बघितलं. सयाजीने एडक्याला एकवार नजरेने तोललं आणि खुर्चीत मागे रेलला. म्हणाला, एवढ्यात मला दोन मिळतील, नाय परवडत. काही लोक हसले. एक वार, दोन वार, तीन वार झालं. मी पिशवी रिकामी केली, वर लाइटबिलातले घातले आणि गेणभाऊंनी सवयीने माइकवर विचारलं, जानकाबाई, परत निधीत?

"न्हाई. घरी नेनार."

मागून कुणीतरी म्हणालं की वस्ती आता देवाचा एडका खाणार. दुसरा म्हणाला, सृष्टीला काही झालं तर बघून घेऊ. ते दुसरं बोलणं ऐकून मी सासूबाईंच्या आणखी जवळ सरकले. सासूबाईंनी दोर हातात घेतला, एडक्याच्या तोंडातली मेथी काढली नाही, आणि त्याला घेऊन वस्तीची वाट धरली. मी त्यांच्या मागे चालत होते. दोन्ही बाजूंची दारं उघडत होती.

दुसऱ्या दिवशी गावाचा मदतीचा ट्रक निधी घेऊन लातूरकडे गेला. सकाळीच तुकाबाई आली. तिने आल्याआल्या सासूबाईंचे पाय धरले आणि म्हणाली की लई उपकार केलेस, दसऱ्यापुरता एडका दे, पैसे थोडे थोडे करून फेडते. त्या दोघी जुन्या, कांदा काढायला एका वाफ्यात बसणाऱ्या. सासूबाईंनी तिला उठवलं आणि सांगितलं की पैसे नकोत, पण एडका मिळणार नाही. सयाजीला कापायला दिला नाही तसा देवाला कापायलाही देणार नाही. देवापुढे जीव बळी द्यायला हात लावायचा नाही, ही धम्म घेतानाची शपथ आहे आमची. तिला वाटलं होतं की एडका वाचला म्हणजे नवस वाचला. ती आली तशी गेली.

ती गेल्यावर मी सासूबाईंवर तोंड सोडलं. म्हटलं, द्यायचा नव्हता तर घेतला कशाला? वस्तीचं नाव पुकारायचं राहिलं, माझं लाइटबिल गेलं, आणि त्या बाईला मिळालं काय? सासूबाई एडक्यापुढे पाण्याची बादली ठेवत होत्या. म्हणाल्या, तिचं तोंड बघवंना. पुढचा इचार न्हवता केला. पुढचा विचार न करता पंचवीसशे उधळणारी बाई उभ्या तालुक्यात दुसरी नसेल.

दोन दिवसांनी सृष्टीला ताप आला.

सकाळी ही बातमी मला गिरणीवर कळली आणि दळण टाकायला आलेल्या बायका माझ्याकडे न बघता ती सांगत होत्या. दुपारपर्यंत पोर थंडीने कुडकुडत असल्याचं कळलं. संध्याकाळी वस्तीतली माणसं आमच्या अंगणात जमली. कुणी म्हणालं एडका देऊन टाका, कुणी म्हणालं आता मागे हटायचं नाही. मला एवढंच दिसत होतं, की त्या पोरीला काही झालं तर देव येईल न येईल, गाव आमच्या दारात येणार. मी सासूबाईंना सरळ म्हणाले, आत्या, शपथ तुमची आहे, पण घरं सगळ्यांची आहेत.

त्या काही म्हणायच्या आत तुकाबाई आली. पोर तिच्या खांद्यावर होती, घोंगडीत गुंडाळलेली. मागे सोमाजी होता आणि त्याच्या मागे धनगरवाड्यातली चार-पाच माणसं. त्या दिवशी घरी असलेले माझे मालक पुढे होऊन अंगणाच्या तोंडाशी उभे राहिले. सासूबाईंनी त्यांना बाजूला केलं.

तुकाबाई म्हणाली, "जानका, सोड त्याला. माजी पोर चाललीया."

सासूबाईंनी पोरीच्या कपाळाला हात लावला. दवाखान्यात नेली का, म्हणून विचारलं. सोमाजी म्हणाला की हे दवाखान्याचं दुखणं नाही. मागच्या माणसांतून कुणीतरी एडक्याच्या दिशेने दोन पावलं टाकली. सासूबाई एडक्यापाशी गेल्या नाहीत. त्या तुकाबाईसमोरच उभ्या राहिल्या.

"तुकाबाई, एडका तू न्हाई विकला. सोमाजीनं रागात दिला आन मी समजून उमजून घेतला. तुज्या देवाला तसं सांग. राग काडायचा तर माज्यावर काड म्हनावं. आजवर आमच्या वस्तीत कदी आला न्हाई त्यो, त्याला वाट दाव माज्या घराची. पर पोरीला यात धरू नको म्हनावं. तिनं काय केलंय?"

तुकाबाईने खांद्यावरची पोर सावरली. मग तिने विचारलं, असं सांगू त्याला? खरंच सांगू? सासूबाई म्हणाल्या, आत्ता सांग, आन पोरगी हिकडं दे.

तुकाबाई तिथेच बिरोबाच्या देवळाच्या दिशेने वळली. ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलली, हात जोडले, आणि पोर सासूबाईंच्या हातात दिली. सोमाजीने तिला अडवायला हात पुढे केला तर ती त्याला म्हणाली, तुजी जीभ तू चालीवलीस, आता माजी चालू दे. माझ्या मालकांनी जीप बघितली. मंचरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि हिवताप सांगितला. पहिली रात्र वाईट गेली. मी घरी जागी होते आणि बाहेर कुणाचं पाऊल वाजलं की उठून बसत होते. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी पोरीने भाकरी मागितली. ते ऐकून मी गिरणीत एकटीच रडले, आणि मग लाइटबिल आठवलं म्हणून शिव्या दिल्या.

दसऱ्याच्या दिवशी आम्ही सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून विहारात गेलो. वंदना करून परत आलो तर तुकाबाई आमच्या अंगणात होती. पोरीला दवाखान्यातून आणल्यापासून ती रोज सकाळी यायची, एडक्याला पाला टाकायची आणि सासूबाईंना खालीवर न्याहाळून विचारायची, अंगात कसर न्हाई ना, रातीला झोप लागली का, जेवन जातंय का. मला आधी ते चांगुलपण वाटलं, मग खोचक वाटायला लागलं. त्या दिवशीही तिने तेच विचारलं. माझा संयम तसाही थोडाच. मी म्हटलं, तुकाबाई, आमच्या आत्या धडधाकट आहेत, तुम्ही रोज काय वाट बघता?

तुकाबाईला ते लागलं. तिने हातातला पाला एडक्यापुढे टाकला. मग सासूबाईंकडे बघत म्हणाली, "तूच म्हनलीस, राग माज्यावर काड म्हनावं. मी सांगितलं त्याला. पोर बरी झाली तवा मला कळलं, त्यानं ऐकलंय. मग मला झोप यीना. माजं पोरगं वाचिवलं आन तुला पुडं केलं मी. म्हनून काल पुन्यांदा गेले. म्हनलं, जानकाला काय करू नगंस. फुडच्या दसऱ्याला तिच्या नावानं दुसरा एडका देते."

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या. पांढऱ्या साडीला माती लागली ते त्यांना कळलंही नाही. त्यांना राग आला होता, तो मला दिसत होता. ज्या देवाला त्यांनी आयुष्यभर दारात उभं केलं नव्हतं, त्याच्यापुढे आता त्यांच्या नावाने एक जीव बोलला गेला होता.

"मला इचारलं का तू?" त्या म्हणाल्या.

"इचारलं असतं तर नगं म्हनली असतीस."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि तुकाबाई घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघायला लागली. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण सासूबाईंना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.